पोस्टरवरचा जज

ओजसने कार्डाला हात लावला आणि मीरा गायकवाडने परीक्षा तिथेच थांबवली.

"झालं. नापास."

"ताई, अहो, मी तर चूक दुरुस्त केली!" ओजस ओरडला.

मुलुंडमध्ये धवलभाईंचं खेळण्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत हे चाललं होतं. टेबलाच्या एका बाजूला मीरा आणि दुसऱ्या बाजूला तिच्याच हाताखाली जज झालेली स्वरदा अशा दोघी चित्रांच्या कार्डांचा डाव खोटं खोटं खेळायला बसल्या होत्या. स्वरदाने ठरल्याप्रमाणे एका कार्डाऐवजी दोन उचलली आणि "अय्या, चुकलं!" म्हणाली. ओजस होता जज, आणि परीक्षा त्याचीच होती. त्याने झटकन तिच्या हातातलं शेवटचं कार्ड काढून गठ्ठ्यावर ठेवून दिलं.

"जादा कार्ड तेच होतं, हे तुला कोणी सांगितलं?" मीराने विचारलं.

"दिसलं ना."

"स्वरदाने ते मध्ये खोचलं होतं. तू तिचं भलतंच कार्ड काढलंस. आधी हात मागे, मग दोघांना विचारायचं, मग कार्ड. किती वेळा सांगितलं?"

मुंबईत ओजसइतका चांगला खेळाडू शोधून सापडला नसता. पण चांगल्या खेळाडूंचं हेच होतं. बिघडलेला डाव दिसला की त्यांचे हात शिवशिवतात.

मीरा स्वतः फारशी खेळत नसे. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ती स्टोअर सांभाळायची. तिचा मुलगा सम्यक तेरा वर्षांचा असताना घाटकोपरला एका स्पर्धेत हरून आला. समोरचा मुलगा फाडफाड इंग्रजी बोलला. जजने त्याचंच ऐकलं आणि निकाल दिला. "आई, मला जजने विचारलंच नाही गं," एवढंच सम्यक म्हणाला. मीराने डिक्शनरी घेऊन नियमांचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं आणि ती जज झाली. सम्यकचा नाद दोन वर्षांत सुटला, मोठा होऊन तो नोकरीला पुण्याला गेला. आई मात्र या खेळातच राहिली. पुढे खेळ काढणाऱ्या कंपनीने जजची परीक्षा घेणं बंद केलं, तेव्हा जुन्या जजनी ती आपल्या अंगावर घेतली. घाटकोपर ते मुलुंड मीराकडे आलं. पगार नाही, मानधन नाही, आणि घरचे विचारायचे, "या वयात पत्ते?"

नापास शब्द ऐकून धवलभाई गल्ल्यावरून उठून आत आले.

"मीराबेन, असं काय करता? रविवारची टूर्नामेंट आहे. पोस्टर छापून लावलं पण. ओजसचा फोटो, खाली 'प्रमाणित जज'."

"परीक्षेच्या आधीच?"

"अरे, तो पास होणारच ना!"

"मग पोस्टरला पास करा. ओजसला मी करणार नाही."

धवलभाईंचा चेहरा उतरला. "बघा, ही खोली मी फुकट देतो. तुमचं काम पण फुकटचं. एक सही केली तर कोणाचं काय बिघडतं?"

"समोर बसलेल्या पोराचं बिघडतं."

"मग खोली दुसरीकडे बघा."

"बघते," मीरा म्हणाली. तिने टेबलावरचा कापडी पट गुंडाळला, कार्डांचा डबा पिशवीत टाकला आणि स्वरदाला म्हणाली, "चल गं."

बाहेर पडल्यावर स्वरदा रडकुंडीला आली. "ताई, आता कुठे घ्यायची परीक्षा? वाट लागली आपली."

"परीक्षेला एक टेबल लागतं. मुलुंडमधली टेबलं काय संपली?"

पण टेबल मिळेना. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'जुगार' हा शब्द काढला आणि मीराने त्याला दारातच झापलं. शेवटी ती वस्तीतल्या बुद्धविहाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सुंदराबाईंकडे गेली.

"विहारात पत्ते कुटणार?" सुंदराबाईंनी डोळे वटारले.

"खेळायला नाही मागत, मावशी. भांडण लागलं तर निवाडा कसा करायचा, ते शिकवते. मागची पडवी द्या फक्त."

"निवाडा करताना दोघांचं ऐकतात का तुझी पोरं?"

"न ऐकणाऱ्याला मी पास करत नाही. म्हणून तर बाहेर काढलंय मला."

सुंदराबाईंनी कनवटीची किल्ली काढली. "मी पण येऊन बसणार. बघते तरी."

शनिवारी संध्याकाळी पडवीत पहिला आला तो ओजस. मान खाली घालून. "ताई, परीक्षा परत घ्या माझी. धवलभाईंनी नाही पाठवलं. मीच आलोय."

"ये. आज स्वरदासमोर मावशी खेळतील."

"मला कुठे येतंय!" सुंदराबाई म्हणाल्या.

"मी शिकवलंय तेवढं करा. आणि काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा."

डाव अडला. ओजसचे हात झटकन पाठीमागे गेले. मीराला बरं वाटलं. त्याने स्वरदाला विचारलं. तिने चार इंग्रजी वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मग सुंदराबाई सुरू झाल्या. "आता बघ बाळा, ही पोरगी म्हणाली तुमची पाळी, म्हणून मी हे वाघाचं चित्र उचललं, तर माझा चष्मा—"

"हो आजी, कळलं," ओजस म्हणाला. "चूक तुमची आहे."

मीराला घाटकोपरहून आलेल्या सम्यकचा चेहरा आठवला.

"नापास," ती म्हणाली.

"आता काय केलं? हात तर मागेच होते!"

"हात मागे होते. कान कुठे होते?"

तेवढ्यात ओजसचा फोन वाजला. धवलभाई. मीराने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"हां, मीराबेन? झाला ना पास?"

"नाही झाला. उद्या जज पाहिजे असेल तर मी येते, स्वरदा येते. पोस्टरवरचा जज उभा राहणार नाही."

"लोक हसतील मला! आणि खोलीचं विसरूनच जा मग."

"खोली कोणी मागितली? तुम्ही फक्त पोस्टर उतरवा. दहा वाजता येऊ आम्ही."

तिने फोन परत दिला. ओजस पिशवी उचलायला वाकला होता.

"कुठे निघालास? बस. मावशींचं अर्धं राहिलंय."

ओजस बसला. सुंदराबाईंनी चष्मा पदराला पुसला, नीट नाकावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.