खिडकीजवळचं टेबल

इस्पितळाच्या धुलाईखात्यात सगळे तिला ‘वाफ’ म्हणत. एकतीस वर्षं ती चादरी दाबून काढणाऱ्या वाफेच्या रोलरवर उभी होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिचं डोकं तापायला रोलरइतकाही वेळ लागत नसे. मनगटांवर भाजल्याच्या फिकट रेघा होत्या, उजव्या कानाने कमी ऐकू येई आणि कुठलंही कापड हाती लागलं की त्याची कड चाचपून बघायची खोड होती. लग्न तिने केलं नाही. बहीण गेली तेव्हा बहिणीची सहा वर्षांची पोर तिने उचलून घरी आणली आणि वाढवली. आता ती पोर जाहिरातीच्या एका मोठ्या ऑफिसात नोकरीला होती.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी भाची म्हणाली, “आज तुझा दिवस. कुठे जायचं ते तू सांग.”

“बसस्टॉपसमोरच्या काचेच्या बारमध्ये.”

भाचीचा चेहरा जरा उतरला. “तिथे? अगं, शुक्रवारी आमचं अख्खं ऑफिस तिथे असतं.”

“आज मंगळवार आहे.”

तो बार झाल्यापासून सहा वर्षं रोज संध्याकाळी बसची वाट बघताना मावशीने ती काच पाहिली होती. खिडकीशी एक गोल टेबल होतं आणि तिथे उंच दांड्याचे ग्लास समोर ठेवून माणसं निवांत बसलेली असत. घरी ती कधीमधी, मनात आलं तर, घोटभर घ्यायची. तिथे एकदा बसून बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

साडेपाचला दोघी पोचल्या. बार नुकताच उघडला होता, आत चिटपाखरू नव्हतं. दारातल्या मुलीने मावशीच्या रबरी तळाच्या चपला पाहिल्या, मग खांद्यावरची कापडी पिशवी पाहिली आणि म्हणाली, “सगळं बुक आहे.”

भाचीने फोनवरचं बुकिंग दाखवलं. तेव्हा कुठे त्यांना आत घेतलं आणि नेऊन बसवलं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी. दार उघडलं की मावशीच्या खुर्चीला धक्का लागे.

वेटर आला. भाचीकडे बघून म्हणाला, “यांच्यासाठी काय?”

“यांना जीभ आहे,” मावशी म्हणाली. कार्डावर नुसती नावं होती, कशात काय घातलंय त्याचा पत्ता नव्हता. तिने एकावर बोट ठेवलं. “यात काय असतं?”

“ते जरा कडक आहे, आजी. तुम्हाला सरबत देऊ?”

“आजी कुणाची? तेच आण.”

“मावशी, हळू बोल ना,” भाची पुटपुटली आणि पिशवी पायाने टेबलाखाली सारली.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बुकिंग आहे का, कुणी विचारलं नाही. दारातल्या मुलीने त्यांना हसत खिडकीकडे नेलं, पण त्यांना आतला कोपरा आवडला. खिडकी रिकामीच राहिली. मावशी उठली, पिशवी घेतली आणि सरळ त्या गोल टेबलाशी जाऊन बसली. भाचीला मागोमाग यावंच लागलं.

आता मॅनेजर आला. “मॅडम, हे टेबल राखीव आहे. आणि तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी जास्त मोकळं वाटेल, असं नाही का वाटत?”

समोरचा पांढरा रुमाल मावशीने उलगडला, कड चाचपली आणि उजेडात धरला. मधोमध पिवळट डाग होता.

“हा दारूचा डाग. न धुताच गरम इस्त्री फिरवलीत. आता जन्मात निघायचा नाही. असली चादर मी पेशंटच्या अंगाखाली घातली असती, तर डॉक्टरांनी मला हाकललं असतं.”

कोपऱ्यातल्या जोडप्याने आपापले रुमाल उघडून पाहिले. मॅनेजरचे कान लाल झाले. आवाज मात्र त्याने चढवला नाही. “आम्ही तुम्हाला सर्व्ह करणार नाही. कृपया निघा.”

मावशी पुढचं बोलायला तोंड उघडणार, तोच भाची उठली. “सॉरी. खरंच सॉरी. तिला असल्या जागांची सवय नाही.”

मावशीने रुमाल टेबलावर टाकला, पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

“माझ्या वतीने माफी मागायला तुला कुणी सांगितलं?” बसस्टॉपवर ती म्हणाली.

“मग काय करू? तू तमाशा केलास! मला तिथे परत तोंड दाखवायचंय.”

“त्याने मला हाकललं, त्याचं काही नाही. तो परका आहे. तू कोण?”

भाची रडायला लागली, पण मावशी विरघळली नाही. बस आली, ती एकटीच चढली.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती पुन्हा गेली. शुक्रवारच का, हे तिला विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं. दारातली मुलगी दुसरी होती, तिने निमूट आत सोडलं. मावशी खिडकीशी बसली. वेटर तोच होता. तो चार वेळा शेजारून गेला आणि चारही वेळा तिच्या डोक्यावरून बाहेर रस्त्याकडे बघत गेला. मॅनेजर गल्ल्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. चाळीस मिनिटं गेली. पाण्याचा ग्लाससुद्धा आला नाही.

मग भाचीच्या ऑफिसचा घोळका हसत-खिदळत आत शिरला. भाचीने तिला पाहिलं आणि जागीच थांबली.

“ओळखीच्या आहेत?” कुणीतरी विचारलं.

भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला. फार नाही, पण मावशीने तो मोजावा इतका. “माझी मावशी,” ती म्हणाली आणि येऊन समोर बसली. तिने हात वर करताच वेटर धावत आला, कार्ड घेऊन, हसत.

“काय घेणार, मॅडम?” या खेपेला त्याने मावशीलाच विचारलं.

“काही नको.”

“मावशी, घे ना गं. आता आलाय ना तो?”

“तुझा हात बघून आला. माझ्या समोरून चारदा गेला, तेव्हा त्याला दिसत नव्हतं.” ती उठली. “बस तू. तुझी माणसं खोळंबलीत.”

भाची खुर्चीतून अर्धी उठली, मागे वळून घोळक्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसली.

पुढे दोन महिने दोघींमध्ये फोनसुद्धा झाला नाही. मग एका रविवारी भाची दारात उभी राहिली. मावशीने दार उघडलं, चहा टाकला, तिच्या शर्टाची उसवलेली शिवण पाहून सुईदोरा काढला. त्या बारचं नाव कुणी घेतलं नाही. निघताना भाची म्हणाली, “चुकलं माझं.”

“हो,” मावशी म्हणाली. “पुढच्या रविवारी लवकर ये.”