राजूरकर काकांची पिवळी पेन्सिल

काका गेल्याची बातमी आली तेव्हा मला मिशा होत्या. झुपकेदार, टोकं वर वळवलेल्या, डिंकानं चिकटवलेल्या. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दुपारची तालीम चालली होती, आणि पुरुष मिळत नाहीत म्हणून गेली कित्येक वर्षं नाटकातले सगळे खाष्ट सासरे मीच करते. फोन सुनंदाचा होता, काकांच्या मुलीचा. ती नागपूरहून आठवडाभरासाठी आली होती. जेवण झालं, काका खुर्चीत टेकले, ती ताटं आत ठेवून परत आली... तेवढ्यात. मी तशीच खाली उतरले, ओमतीच्या चौकात ऑटो थांबवला आणि म्हटलं, ‘भैया, डब्बा कॉलनी. जल्दी.’ ऑटोवाल्यानं आरशातून तीनदा पाहिलं. सतरा नंबरच्या दारात सुनंदानं मला पाहिलं आणि ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. एक मिशी तिच्या ओल्या गालावर गेली. काका खुर्चीतच होते, चष्मा कपाळावर. ते असते तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले असते, या विचारानं मला पहिला हुंदका आला.

या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. राजूरकर काका कोण, हे जबलपूरबाहेरच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. जबलपुरातही फार जणांना नसेल. आमची कॉलनी मात्र पुष्कळांनी पाहिलेली आहे. तिलवाऱ्याच्या रस्त्याला लागलं की डावीकडे चपट्या डोक्याच्या घरांची जी रांग दिसते, ती. कागदोपत्री तिला चांगलं संस्कृत नाव आहे, पण पहिल्याच वर्षी कुणा रिक्षावाल्यानं ‘वो डब्बे जैसे मकान’ म्हटलं आणि ते नाव तिथंच संपलं. जुन्या शहरात, दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत दोन-दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या थोरल्यांनी, म्हणजे कचेऱ्यांतल्या आणि कॉलेजांतल्या नोकरदारांनी, मिळून सोसायटी काढली, शेतजमीन घेतली आणि मुंबईहून एक तरुण आर्किटेक्ट बोलावला. त्यानं चोवीस घरं उभी केली. सपाट छपरं, खिडक्यांच्या जागी विटांच्या जाळ्या, तीन पायऱ्या खाली उतरणारी बैठक, मध्ये सगळ्यांचं मिळून एक मैदान, आणि दोन घरांच्या मध्ये कुंपण म्हणून कुठंही नाही. तेव्हाच्या म्हाताऱ्या बायका बघायला आल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं म्हणे, ‘घर कुठं आहे? हे तर पोस्ट ऑफिस झालं.’ तुळशीला जागा नव्हती. देवांना कोनाडा नव्हता. पहिलं छप्पर गळायच्या आत आर्किटेक्ट परदेशी निघून गेला तो गेलाच. मागे राहिला त्याचा ड्राफ्ट्समन, यवतमाळकडचा एक बारीक मुलगा, ज्यानं त्या चोवीस घरांची रेघ न् रेघ स्वतः मारली होती. त्यानं त्यातलं शेवटचं उरलेलं सतरा नंबरचं घर घेतलं आणि पन्नासहून जास्त वर्षं लोकांची गळती ऐकून घेतली. ते आमचे काका.

त्यांच्याकडे कॉलनीचा मूळ नकाशा होता, ट्रेसिंगच्या कापडावर काढलेला, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला. आणि त्या नकाशाचा एक रिवाज होता. कुणी घरात काही बदल केला, म्हणजे खोली वाढवली, जाळी बुजवली, गच्चीवर पत्रा टाकला, तर काम झाल्यावर मालकानं स्वतः सतरा नंबरला जायचं आणि सांगायचं, ‘काका, झालं. या.’ मग काका टेप घेऊन यायचे. टेपचं दुसरं टोक मालकानं धरायचं. मोजून झालं की चहा आणि खोव्याची जिलेबी, आणि संध्याकाळी नकाशावर लाल पेन्सिलीनं ती नवी भिंत उमटायची. शेजारी मालकाची सही. मूळचं काळ्या शाईत, नवं लाल. मालकानं तोंडानं सांगितल्याशिवाय काका रेघ मारत नसत. अख्खी खोली डोळ्यांसमोर उभी राहिली तरी नाही. ‘आपण काय मुनसिपाल्टी आहो का, ताकझाक करायला?’ असं म्हणायचे.

मी नागपूरहून सोळा नंबरची सून होऊन आले ती या रिवाजाची काही कल्पना नसताना. आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे पूर्ण भिंतभर जाळी होती. आर्किटेक्टच्या मनात तिथून सकाळचं ऊन यायचं होतं. यायचं ते माकड. बाहेरून जाळीला लटकायचं, हात आत घालायचं आणि ओट्यावरची पोळी ओढून घ्यायचं. आणि पोळी भोकातून जाईना की शांतपणे तिची घडी घालायचं. मी दोन महिने सहन केलं, मग सासूबाई माहेरी गेल्याचा मुहूर्त साधून गवंडी बोलावला आणि जाळी बुजवून टाकली. त्या परत आल्या, भिंतीकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘आता शेजारी जाऊन सांगून ये.’ मी घाबरले. ज्याची जाळी बुजवली त्याच्यासमोर कसं उभं राहायचं! एक भाषणच पाठ केलं, त्यात माकड होतं, धूळ होती, स्त्रीचे कष्ट होते. काकांनी ते अख्खं ऐकून घेतलं, अगदी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखं, आणि विचारलं, ‘सूनबाई, भिंत साडेचार इंची बांधली की नऊ?’

त्या संध्याकाळी मी नकाशावर सही केली. लग्नानंतरचं नवं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं ते तिथं. हात थोडा अडखळला, तर काका म्हणाले, ‘घाई काहून करून राहिली? कापड आहे, शंभर वर्षं टिकते.’ त्यांच्या पेन्सिलींच्या डबीत तेव्हा एक काळी होती, बोटभर उरलेली एक लाल, आणि एक पिवळी, पूर्ण लांबीची, टोकसुद्धा न केलेली. पिवळी कशाला, असं मी विचारलं. पाडायचं असेल त्याला पिवळ्या तिरप्या रेघा मारतात, असा नकाशांचा नियम आहे म्हणाले. ‘मग ही नवी कशी?’ तर डबी बंद करत म्हणाले, ‘आपल्या इथं वाढते लोकं. पाडत नाही.’

आणि लोक वाढतच गेले. नकाशावर लाल रंग चढत गेला. आधी देवघरं आली, मग गॅरेजं, मग मुलांच्या लग्नांआधी वरचे मजले. मग कुंपणं. पहिलं कुंपण आलं ते कुणाच्या तरी गुलाबांसाठी, आणि पुढं गुलाब नसलेल्यांनीही बांधली. मैदानाचा अर्धा भाग मोटारींनी खाल्ला. काकांचं सतरा नंबर तेवढं जसंच्या तसं राहिलं, जाळीसकट, माकडांसकट. आणि सोळा-सतराच्या मध्ये कुंपण आलं नाही, कारण मला भाजीला कोथिंबीर मागायला वळसा घालून जायचा कंटाळा होता. सत्त्याण्णवचा भूकंप झाला त्या सकाळी काका ओळंबा घेऊन चोवीसही घरी गेले. लाल भिंतींना जागोजागी भेगा होत्या, काळ्यांना जवळजवळ नव्हत्याच. मला वाटलं, आता हा माणूस मिरवणार. मी असते तर ढोल लावला असता. ते भेगेवर हात ठेवून उभे राहिले आणि घरमालकाला म्हणाले, ‘झोपायला या खोलीत नका जाऊ, भैया. दोन दिवस आमच्याकडे या.’

दीड वर्षापूर्वी माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, विनोदबुद्धीही राहिली, पण आमची ती तीन पायऱ्या खाली असलेली बैठक... तिच्यातून न जाता या घरात न्हाणीघरापर्यंत पोचताच येत नाही. दिवसातून सहा वेळा मी आणि एक बाई त्याला उचलून उतरवायचो, चढवायचो. मुलगा पुण्याला. तिथं लिफ्टचं घर आहे, चांगले डॉक्टर आहेत. तो रोज फोनवर एकच सांगायचा, इकडे या. पण त्यासाठी इथलं घर विकायला हवं होतं. बिल्डर आला, पाहून गेला आणि म्हणाला, एवढ्याशा जागेत काय होणार, दीदी. मी त्याच्यासमोर माझा सगळा अभिनय ओतला. रडले, हसले, चहा दिला. तो गेला. पंधरा दिवसांनी त्याचा आपणहून फोन, घेतो म्हणून. ताबा कधीही द्या, जल्दी नहीं है. मी श्रीकांतला म्हटलं, बघितलंस, याला म्हणतात रंगभूमीची ताकद!

कागद झाले. आता फक्त शेजारी जाऊन सांगायचं राहिलं होतं. चोविसातलं एकही घर आजवर पडलं नव्हतं आणि पहिलं आमचं पडणार होतं, हे त्या माणसाला तोंडानं सांगायचं. मी रोज जायचे. रोज दुसरंच काही सांगायचे. काका जाण्याआधीच्या रविवारी तासभर बसले, माकडाच्या नकला केल्या, मंडळाच्या अध्यक्षांच्या केल्या, आणि काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. निघताना त्यांनी विचारलं, ‘आणखी काही, सूनबाई?’

‘नाही काका. तुमचं काही?’

‘माझं काय असते आता.’

मी कोथिंबीर घेऊन परत आले.

अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत सोडून आल्यावर सुनंदानं मला बोलावलं. टेबलावर पत्र्याची नळी होती आणि पेन्सिलींची डबी. ‘बाबा म्हणाले होते, हे तुला द्यायचं,’ ती म्हणाली, आणि नळी माझ्याकडे सरकवत, ‘तुला आता कळलं तर चालेल.’ बिल्डरला सोळा नंबर एकटं नकोच होतं. सोळा आणि सतरा मिळून दिलं तर घेतो, असं तो आमच्याकडून उठून सरळ काकांकडे जाऊन सांगून आला होता. काकांनी आठ दिवस विचार केला, सुनंदाला बोलावलं आणि कागदावर सही केली. अटी दोन. आपण असेपर्यंत सतराला हात लावायचा नाही. आणि सोळातल्या बाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. ‘मी भांडले गं त्यांच्याशी,’ सुनंदा म्हणाली. ‘म्हटलं, आयुष्यभर या घराला खिळा ठोकू दिला नाही तुम्ही, आणि आता? तर म्हणाले, त्या तीन पायऱ्या मीच काढल्या होत्या ना कागदावर. श्रीकांत रोज अडते तिथं.’

मी नकाशा उलगडला. इतका लाल की काळं शोधावं लागतं. सतरा नंबरवर मात्र लाल कुठंच नव्हतं. त्या चौकोनावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पिवळ्या तिरप्या रेघा होत्या, आणि बाजूला मालक म्हणून काकांची सही. शेजारच्या सोळावर माझी ती अडखळलेली जुनी सही होती, बुजवलेली जाळी होती, आणि बाकी काही नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण मालकानं येऊन सांगितलं नव्हतं. डबीतली पिवळी पेन्सिल आता थोडी आखूड झाली होती आणि तिला ताजं टोक केलेलं होतं.

परवा मी सतरा नंबरात गेले. सुनंदानं सामान हलवलं आहे, नकाशे काढायचं उतरतं टेबल, त्यावरचा टेप आणि ती खुर्ची तेवढी आहे. जाळीतून ऊन आत आलं होतं, त्या आर्किटेक्टच्या मनात होतं तसंच. मी खुर्चीसमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला भाषण सुचलं नाही. म्हटलं, ‘काका, सोळा नंबर पाडून राहिले. या.’

मग टेप घेऊन घरी आले, कारण मोजल्याशिवाय रेघ नाही. टेपचं टोक श्रीकांतनं उजव्या हातात धरलं. बैठक मोजली, तिन्ही पायऱ्या मोजल्या, स्वयंपाकघरातली माझी साडेचार इंचाची भिंत मोजली. शेवटी तो म्हणाला, ‘जिलेबी कोण आणणार?’ संध्याकाळी काकांच्या टेबलाशी बसून मी पिवळ्या रेघा मारल्या आणि सही केली. त्यांच्या रेघा चौऱ्याऐंशीव्या वर्षीही सरळ आहेत, माझ्या वाकड्या. सोळा आणि सतराच्या मध्ये कधी कुंपण आलं नाही, म्हणून नकाशावरही तिथं अडवायला काही नाही. माझ्या वाकड्या रेघा जाऊन थेट त्यांच्या रेघांना लागल्या आहेत.