एकच नाही, सर

सुलतानपूरला माझ्या रोजच्या बसमध्ये चढणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. चाळिशी ओलांडलेली ती अंगणवाडी सेविका सुपरवायझरच्या परीक्षेला शेवटच्या वेळी बसणार होती. डोळे मिटून, मांडीवर बोटानं अक्षरं काढत ती पाठ करायची.

मी इंग्रजीचा मास्तर आहे हे कळल्यावर तिनं विचारलं, “सर, डिसइन्व्हेस्टमेंट आन् डायव्हेस्टमेंट एकच काय?”

“एकच,” मी सांगून टाकलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याच शेजारी येऊन बसली. “एकच नाही, सर. सरकार आपल्या कंपनीतला हिस्सा इकते, ते पह्यलं. एखादी कंपनी आपला एखादा धंदाच इकून मोकळी होते, ते दुसरं. लोक कोनताबी शब्द कुठंबी वापरतात, म्हनून घोळ होते.”

मी ओशाळून म्हणालो, “मला ठाऊक नव्हतं.”

“मंग तसं सांगाचं ना,” ती हसली. “मी पाहून घेतलंच असतं.”

पुढे तिची परीक्षा झाली. त्यात तो प्रश्न आलाच नाही. “पन आता मले येते,” ती समाधानानं म्हणाली.

त्याच आठवड्यात एका मुलीनं वर्गात अवघड शब्दाचा अर्थ विचारला. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी म्हणालो, “मला माहीत नाही. आपण मिळून शोधू.” सगळा वर्ग उत्सुकतेनं बाकांवर पुढे सरकून बसला.