खमंग एकात्मता

दंगलीनंतरच्या वर्षी मीरा रोडच्या शाळांना एकदम एकात्मतेची आठवण झाली. शशिकांत सरांच्या शाळेचे ट्रस्टी गुणवंतभाई म्हणाले, "मसाल्याची बाग करा. सगळ्या प्रांतांचा मसाला, एका मातीत. पंधरा ऑगस्टला बघायला येतो. हिरवीगार पाहिजे."

सर विज्ञान शिकवायचे आणि टेम्पररी होते. दर एप्रिलला त्यांच्या हातात नारळ पडायचा, दर जूनला पुन्हा बोलावणं यायचं. बाग उगवली तर कायम करू, असं गुणवंतभाई बोलले होते. नाही उगवली तर काय, हे कोणी बोललं नाही.

सरांनी वर्गात सांगितलं, "घरून मूठभर बी आणा. चांगलं आणा." दुसऱ्या दिवशी टेबलावर अख्खा देश सांडला. धणे, मेथी, मोहरी, बडीशेप, ओवा. खाऱ्या जमिनीवर लाल माती टाकून सरांनी वाफे केले, घराघरांच्या नावाच्या पाट्या रोवल्या आणि रोज सकाळी देवळात वाकावं तसे मातीपुढे वाकू लागले.

कोंब फुटेना. मुंग्या आल्या. लाल, काळ्या, सगळ्या जमातींच्या. एकात्मता काय ती त्यांनीच साधली.

ऑगस्ट निम्मा सरत आला तेव्हा सरांनी डब्यात उरलेले धणे वैतागून तोंडात टाकले. कुरकुरले. ओवा चावला, तोही खमंग. सगळंच भाजलेलं! सर सायकल मारत जवळच्या राई गावात गेले. त्यांच्या वर्गातल्या मुलीची आई, मंदा, दारात मासळी साफ करत होती.

"मंदाताई, धणे भाजून दिलेत?"

"मंग? तुमी चांगला आना बोललाव ना! कच्चा पाठवायला आमाला लाज न्हाय काय?"

पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला आणि गुणवंतभाई बायको हंसाबेनसकट बोडक्या वाफ्यांपुढे उभे राहिले.

"शशिकांतभाई, ही बाग?"

"सगळ्या आयांनी बी भाजून पाठवलं, साहेब."

"बी भाजून कोण देतं? कोण एवढी अडाणी बाई आहे?"

"मी आहे," मागून हंसाबेन म्हणाल्या. "बडीशेप मी दिली. ट्रस्टीच्या घरून कच्चा माल जाणार? बायका नावं ठेवतील ने!"

गुणवंतभाईंनी टोपी सारखी केली. बराच वेळ मुंग्या बघितल्या.

"शशिकांतभाई," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी पण बाग तुम्हीच करा."

म्हणजे नोकरी राहिली. टेम्पररी.