उजव्या हातावर गोंदलं होतं, डॉक्टर

माझी आई कॅन्सरने गेली. तिचा डावा हात त्याआधीच एका डॉक्टरने नेला होता.

आज वर्षश्राद्ध. आज मी गोड लिहिणार नाही.

पुण्याला आईचं डाव्या बाजूचं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. डिस्चार्जच्या वेळी तिथल्या सिस्टरने बजावलं, "मावशी, ह्या हातात सुई नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टा नाही. जन्मभर. हात सुजला की उतरत नाही."

आईने ते देवाचं ऐकावं तसं ऐकलं.

त्या हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा काढल्या, उगाच पिचून लागायला नकोत म्हणून. गल्लीतल्या बायका कुजबुजायला लागल्या, नवरा जिता असताना हात मोकळा ठेवतात का?

आई म्हणाली, "माझा नवरा एका हाताच्या बांगड्यांवर बी ठणठणीत हाय."

अण्णा ओट्यावर बसून हसत होते.

बायकांचं निभावलं. डॉक्टर लोकांचं निभेना. जिथे जाऊ तिथे तेच. आधी डावा हात ओढायचा, आम्ही ओरडलो की म्हणायचं, "काही होत नसतं हो."

शेवटी आई वैतागली आणि गावच्या यात्रेत गोंदणाऱ्यासमोर जाऊन बसली. उजवा हात पुढे.

त्याने विचारलं, "मालकाचं नाव काय टाकू?"

"मालक काय हारवत न्हाई. लिव्ह, सुई इथे."

आणि खरंच गोंदवून घेतलं. मनगटाच्या वर, हिरव्या अक्षरांत, सुई इथे. डाव्या हाताला गोंदणाऱ्याची सुईसुद्धा लागू दिली नाही. आख्खं गाव बघायला आलं होतं. पोरं तिला "सुईआजी" म्हणायची.

मग तो उन्हाळा. जुलाब-उलट्यांनी आई गळून गेली. मी तिला तालुक्याच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं.

सिस्टरला उजव्या हातात शीर सापडेना. डॉक्टरसाहेब म्हणाले, "डाव्यात लावा."

मी गोंदण दाखवलं. ऑपरेशनचं सांगितलं. म्हटलं, पुन्हा बघा, नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलवा.

साहेब हसले. "आता पेशंटने अंगावर लिहून आणायचं आणि आम्ही वाचायचं का? डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

मग मला चिठ्ठी दिली. खालच्या मेडिकलमधून एवढं घेऊन या म्हणाले.

मी औषधं घेऊन वर आले, तर सलाईन डाव्या हातात. त्याच दंडाला बीपीचा पट्टा.

मला बाहेर पाठवून लावलं होतं.

आईला ग्लानी होती. नाहीतर तिने लावू दिलं नसतं.

दोन दिवसांत हात लालभडक झाला, थंडीताप भरला. पुन्हा पुणं. ताप उतरला, हात उतरला नाही. ब्लाउजची बाही उसवून ठेवावी लागायची.

आई डावखुरी होती. भाकरी डाव्या हाताने थापायची. ती बंद झाली. साडीच्या निऱ्या मी करून द्यायचे. देवापुढे उभी राहायची तर एकच हात उचलायची.

"ह्यो हात न्हाई, मने, पोतं हाय," म्हणायची.

पुढे कॅन्सर उलटला. तो कुणाच्या हातात नव्हता, त्याचा दोष मी कुणावर टाकत नाही. पण राहिलेले दिवस ती दोन हातांनी जगू शकली असती.

दशक्रियेला घाटावर गर्दी होती. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, हिची काही इच्छा राहिली नव्हती.

तिची नसेल. माझी होती.

प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे माईक दिसला की सगळ्यांनाच मयताविषयी प्रेम दाटून येतं. डॉक्टरसाहेबही आले होते, पांढरे कपडे घालून. अण्णांना वाटलं नसेल एवढं त्यांना वाईट वाटत होतं.

"काकू मला आईसारख्या होत्या. त्यांची सेवा करायचं भाग्य मला लाभलं."

मी बायकांतून उठले. मला माईक लागला नाही.

"डॉक्टर, आईचं ऑपरेशन कुठल्या बाजूचं होतं?"

ते थबकले. मग मान हलवून म्हणाले, "उजव्या. चांगलं आठवतंय मला."

प्रवचनाच्या महाराजांनी डोळे मिटले.

अण्णांचे जुने दोस्त तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "डावी हुती, डॉक्टर. शेंबड्या पोराला इचारा गावात."

"सॉरी, पेशंट खूप असतात हो..."

"असतात ना," मी म्हटलं. "आईला हात मात्र दोनच होते."

आणि मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, मेडिकल, पट्टा, सगळं. त्यांची गाडी घाटावरून निघेपर्यंत माझं बोलणं चालू होतं.

नंतर नातेवाइकांनी सुनावलं, अशा ठिकाणी असं बोलतात का?

मग कुठे बोलायचं? हॉस्पिटलात तर मला बाहेर काढलं होतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या मंदाकाकूंना तिथेच न्यावं लागलं. त्यांचंही तेच ऑपरेशन झालंय. मी मुद्दाम सोबत गेले. मला दारात बघून साहेबांचा चेहरा पडला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "कुठली बाजू? बीपी दुसऱ्या हाताला घ्या, सिस्टर."

येताना काकू म्हणाल्या, "डॉक्टर लई चांगला हाय गं."

चांगला झालेला नाही, काकू. घाबरलाय. मला तेवढं पुरे. ज्या कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी मला फोन करावा, मी सोबत येईन. दर वेळी येईन.

आज सकाळी डॉक्टरसाहेबांचा मेसेज आला. "भावपूर्ण श्रद्धांजली." खाली जोडलेले दोन हात.

दोन हात!

आई, शेवटी तुला हात जोडता येत नव्हते. आज तुझ्या फोटोपुढे मी दोन्ही जोडले.

त्याला माफ मात्र केलेलं नाही. तू निवांत राहा, तो राहणार नाही.

तुझी मनी