माझी बी.एस्सी. आणि माशांची पेटी

वालूरला आमच्या घरी दोन घागरी पाण्यात सात माणसांच्या अंघोळी व्हायच्या. म्हणून परभणीत शाळामास्तरची नोकरी लागून घरात नळ आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर चार घागरी पाणी माशांना दिलं.

कारण होतं. बहिणीला, शांताला, बघायला पूर्ण्याचे पाहुणे येणार होते. मुलगा रेल्वेत, वडीलही रेल्वेत. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी.; तेव्हा बैठकीत शिक्षण दिसलं पाहिजे! पुस्तकात बघून काचेची पेटी करून घेतली. तळाला माती, वर वाळू, त्यात पाणवनस्पती आणि औरंगाबादहून पिशवीतून आणलेले चार लाल मासे.

वनस्पती म्हटलं की खत आलंच. मी शेतातली काळी माती आणि घमेलंभर शेणखत आणलं.

माझे वडील, आबा, म्हणाले, "आरं, हे वलं हाय अजून. पाण्यात सडंल की."

"आबा, हे वनस्पतिशास्त्र आहे."

"आसंल बाबा," म्हणत त्यांनी घमेलं माझ्याकडं सरकवलं. (चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला मी हे सांगितलं!)

चौथ्या दिवशी पाणी चहासारखं झालं. मी मायला म्हणालो, "रंग धरायलंय." सातव्या दिवशी तळातून बुडबुडे निघाले. म्हणालो, "झाडं श्वास घ्यायलीत." आठव्या दिवशी वास सुटला. त्यावर मात्र शास्त्र सुचेना, म्हणून उदबत्त्या लावल्या. नवव्या दिवशी पाहुणे आले.

त्याआधी मी आणखी एक शहाणपणा केला होता. आबांना कोपऱ्यात नेऊन म्हणालो, "तुमी निस्ता रामराम करा. बोलायचं मी बघतो."

पाहुणे बसले. शांता पोहे घेऊन आली. मुलाच्या वडलांनी बशी हातात घेतली, नाकापर्यंत नेली आणि खाली ठेवली. रुमाल काढला.

"मास्तर, हे मासे वर तोंड काढून काय करायलीत?"

"माणसं बघून खूश होतात ते."

"आन् वास कशाचा यायलाय? लय यायलाय!"

"शेजाऱ्यांची नाली तुंबली असंल," मी बेधडक सांगितलं. आबांकडं बघायची हिंमत झाली नाही.

पाहुण्यांनी मुलाकडं पाहिलं. "न्हाई, आमाला गाडी गाठायची हाय. येतो मग." पोह्याला हातसुद्धा न लावता माणसं उठली! शांताचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात पेटीच्या तळातून मातीचा एक गोळा सावकाश वर आला आणि "बुडुक" करून फुटला. उदबत्त्यांनी हार मानली.

"नाली न्हाई, पाहुणं," आबा उठले. "मास्तरनं ह्या पेटीत रान केलंय. बुडाशी वलं शेणखत हाय. मासे खूश न्हाईत, दम लागलाय त्यांला."

माझे कान तापले. आबांनी धोतर खोचलं, मायकडून बादली आणि चहाची गाळणी मागून घेतली अन् मासे वेचायला लागले. (पुढं त्याच गाळणीनं चहा गाळला का, हे मी मायला आजवर विचारलेलं नाही.)

मासे बादलीत गेल्यावर त्यांनी पेटीला हात घातला. "थांबा, एकट्याला उचलणार न्हाई," म्हणत मुलाच्या वडलांनी बाह्या सारल्या. दोघं म्हातारे पेटी धरून अंगणात निघाले. दारात पेटी कलली आणि पहिली लाट माझ्या नव्या टेरिकॉटच्या पँटवर! शांता तोंडाला पदर लावून हसली. तो मुलगाही हसला. बी.एस्सी. तेवढी ठिबकत उभी राहिली.

अंगणात हात धुता धुता पाहुणे आबांना म्हणाले, "माणसं आवडली आपल्याला. सोयरीक पक्की धरा. फक्त लग्नात मास्तरला आचाऱ्याच्या कढईपाशी येऊ देऊ नका!"

"माझी हमी," आबा म्हणाले.

वैशाखात शांताचं लग्न झालं. पेटी आबांनी पुन्हा लावली. धुतलेली वाळू, कालव्यातलं पाणगवत, बस्स. वाचलेले दोन मासे त्यात वाढले, आणि ती पेटी पाच वर्षं हिरवीगार राहिली. तिच्या यशात माझा वाटा एवढाच, की मी तिला हात लावला नाही.