अंगठ्याखालची ओळ

"सार, ओळ नंतर वाचा. आधी चित्र बघून सांगा, राग कोणाचा येतो?"

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनबाहेरचा पेपरवाला व्यंगचित्राखालची ओळ अंगठ्याने झाकून प्रत्येक गिऱ्हाइकाला असं अडवतो. मग अंगठा उचलून म्हणतो, "बघा, चित्रकाराने तुम्हाला कुठे नेलं!" मी रोज ऐकते आणि न बोलता पेपर घेऊन निघते.

आजच्या चित्रात फुटपाथवरचे विक्रेते उंदीर झाले होते आणि एक मोठा झाडू त्यांना हाकलत होता.

"सुपर, अण्णा!" एक गिऱ्हाईक हसलं.

पेपरवाल्याने आज नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तो गठ्ठे सारखे करू लागला. फुटपाथवरची जागा सोडायची नोटीस त्यालाही आली आहे.

आज मात्र मी जागची हलले नाही.

"सर, चित्रात उंदीर काढले की हाकलणं सोपं वाटतं," मी म्हणाले. "माणसं काढली असती, तर तुम्ही हसला असतात?"